फोटोची डावी बाजू

भिंतीवर तक्ता चिकटवून इतिहासाच्या बाई दोन पावलं मागे सरल्या आणि स्वतःवरच खूश झाल्या. संग्रहालयानं आपले जुने फोटो इंटरनेटवर सगळ्यांना खुले केले होते. घ्या, कापा, वर्गात वापरा, परवानगीची भानगड नाही. आयतं घबाडच! त्यातून बाईंनी निवडली डोक्यावर विटा घेतलेली एक आठ-नऊ वर्षांची पोर. डावीकडची अडगळ कापून टाकली आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं, ‘शाळा चुकवाल, तर विटा उचलाल!’ यमकही कसं झकास जुळलं होतं.

सफाईच्या मावशी झाडू घेऊन आल्या आणि तक्त्यासमोर थांबल्या त्या थांबल्याच.

“वाचून दाखवू का, मावशी?”

“वाचता येतं की मला.” मावशी जवळ सरकल्या. “ही माझी आई आहे.”

बाईंना हसू आलं. “अहो, जुन्या फोटोत सगळे सारखेच दिसतात.”

“भुवईवरची खोक बघा. वीट पडली होती.” मावशींचा आवाज चढला नव्हता. “कुणी साहेब फोटो काढून गेला, पण दाखवला कधीच नाही, असं शेवटपर्यंत सांगायची. एवढाच आहे का हो हा? हिच्या शेजारी कमान असायला हवी.”

बाईंनी लॅपटॉप उघडला. मूळ फोटो अख्खा समोर आला. त्यांनी कापलेल्या भागात अर्धवट बांधलेली कमान उभी होती, आणि तिच्या पायाशी दोन दगडी सिंह. गेली चौदा वर्षं बाई रोज सकाळी त्याच सिंहांमधून शाळेत शिरत होत्या.

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मावशी, मी... आत्ता काढते तक्ता.”

“काढा. तिनं शाळा चुकवली नाही हो, बाई. बांधली.” मावशींनी झाडू उचलला. मग जरा अडखळत म्हणाल्या, “तो अख्खा फोटो मला मिळेल? आमच्याकडे तिचा एकही नाही.”

“मिळेल ना. सगळ्यांसाठीच आहे तो,” बाई कशाबशा म्हणाल्या. वर बघायची काही त्यांची हिंमत झाली नाही.

शाळा सुटली. मुलं नेहमीसारखी कमानीतून धावत बाहेर पडली. बाई मात्र मागच्या दारानं घरी गेल्या.