सव्वा मूठ

कौतिकबाईंच्या पुढ्यातली माती सगळ्यांच्या आधी संपली. लाकडी पाटावर पाच माणसं बसवून त्यांनी ओला हात पदराला पुसला आणि भाकरीचं पीठ संपल्यावर बायका बसतात तशा मोकळ्या होऊन बसल्या.

धुळ्यातल्या त्या समुपदेशन केंद्राच्या हॉलमध्ये दर गुरुवारी आठ-दहा बायका जमत. कुणाची झोप उडालेली, कुणाचं हसणं. कौतिकबाईंचं बोलणं आटलं होतं. डॉक्टरांनी इथं पाठवलं, तेव्हा नवरा मोतीलाल म्हणाला होता, चार गुरुवार जा, मग पाहू. आज चौथा होता. मातीत हात घालून कुणाचं काय बरं होतं, हे दोंडाईचाकडच्या त्या घरात कुणालाच पटलेलं नव्हतं. इथं येणं बंद झालं की आपण पुन्हा गप्प होऊ, एवढं मात्र कौतिकबाईंना पक्कं ठाऊक होतं.

शिकवणारी मिसबाह वयानं त्यांच्या लेकीएवढी. आज तिनं सांगितलं होतं, घरातली माणसं करा. स्वतःला धरून.

शेजारच्या भिकुबाईंनी मान लांब करून कौतिकबाईंच्या पाटावर नजर टाकली. "अक्का, तुना नातू तं आजाइतला व्हई गया."

खरंच होतं. नवरा, दीर, दोन मुलगे आणि तीन वर्षांचा नातू, पाचही जण सारख्याच अंगापिंडाचे झाले होते.

"मूठ बठ्ठास्ले सारखीच ऱ्हास," कौतिकबाई म्हणाल्या.

मिसबाहला ते कळलं नाही, तेव्हा भिकुबाईंनीच समजावलं. श्रावणात घरी कानबाई देवी बसते, तेव्हा तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावानं काढतात, एकेकाच्या नावाची सव्वा मूठ, सगळ्यांना सारखीच. कौतिकबाईंनी मातीही तशीच काढली होती. एकतीस वर्षांची सवय. हात आपोआप गेला.

मिसबाह पाटापाशी उकिडवी बसली. "अक्का, यात तुम्ही कुठं आहात?"

कौतिकबाई पाटाकडे पाहत राहिल्या. नवऱ्याच्या मागं, मुलांच्या मधे, खरोखरच शोधत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तं ऱ्हाईच गऊ."

त्यांना राग आला. कुणाचा, ते आधी कळेना. घरच्यांचा म्हणावं, तर घरचं इथं कुणीच नव्हतं. माती त्यांनीच मोजली होती. मग तो राग सरळ त्यांच्या उजव्या हातावर आला आणि तिथंच थांबला.

"अजून एक गोळा देऊ का?" मिसबाहनं विचारलं. "बादलीत भरपूर आहे."

"नको, ताई. घरमाच शे ती."

त्यांनी मोतीलालचं पोट धरलं आणि पाव मूठ माती काढून घेतली. पोट आत गेलं; माणूस उलट बराच दिसायला लागला. दिराच्या पाठीतून पाव मूठ निघाली. थोरल्याच्या, दीपकच्या खांद्यांतून पाव. धाकटा कायम मोटरसायकलवर, म्हणून त्याला मांडी ठोकून बसवला होता. त्याच्या मांडीतून पाव. चार पावांची एक मूठ झाली.

नातवापाशी मात्र हात अडला.

"इतलामा भागी जाई, अक्का," भिकुबाई हळूच म्हणाल्या. "पोरगं शे."

कौतिकबाईंनी मूठ उघडून पाहिली, पुन्हा मिटली. त्यांचे ओठ घट्ट झाले होते.

"सव्वा लागस," त्या म्हणाल्या आणि नातवाच्याही वाटची पाव मूठ काढून घेतली. तो तेवढाच लहान झाला, आणि आता कुठं नातू दिसायला लागला.

पुरुषांना त्यांनी शेंगोळ्यांसारखं भराभर वळलं होतं. या सहाव्या गोळ्याला वेळ लागला. कानबाईच्या नारळाला नाक-डोळे लावणारे त्यांचे हात स्वतःच्या तोंडापाशी अडखळले. आपलं नाक कसं आहे, ते आठवेना. शेवटी त्यांनी मातीचीच बोटं चेहऱ्यावरून फिरवली. नाक चाचपून पाहिलं, मग मातीत केलं. गालाचं हाड चाचपलं, मग मातीत केलं. डाव्या भुवईवर लहानपणी झोक्यावरून पडल्याची खोक होती. ती लागली तेव्हा त्या एकदम हसल्या. नखानं त्यांनी तीही कोरली.

मग बाईला पाटाच्या मधोमध उभी केली. जागा व्हावी म्हणून मोतीलालला थोडं सरकवलं.

न्यायला सून आली, मेघा. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताला तिची सात वर्षांची लेक परी. "आई, तोंडाला माती लागली तुमच्या."

"ऱ्हाऊ दे."

परी पाटाजवळ वाकली. कुणी काही सांगायच्या आत तिनं बोट लावलं. "ही आजी."

मेघानं पाटाकडे पाहिलं, मग सासूकडे. "घरी आबा विचारतील, काय फरक पडला म्हणून. काय सांगू?"

कौतिकबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. एरवी त्या मेघाचा हात धरत.

"सांगजो, पुढला गुरुवारले बी येवानं शे. आनि रविवारनी कानबाईले औंदा रोटना गहू बठ्ठास्ना नावना निघतीन. मनी मूठ. तुनी मूठ. हाई परीनी मूठ."

आबा, तिचे सासरे, काय म्हणतील, भाऊबंदकी काय म्हणेल, ते सगळं मेघाच्या चेहऱ्यावरून एकदा जाऊन आलं. मग तिनं पिशवी खाली ठेवली आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"मग आई," ती म्हणाली, "दळणाचा डबा मोठा काढावा लागेल."