आधी ताईचे

क्रेडिट कार्डांचं कर्ज गळ्याशी आलं, तेव्हा फ्रिज दुरुस्त करणारा एक दादा दिवाळखोरीचा अर्ज करायला वकीलबाईंकडे गेला.

"कर्ज माफ होईल," बाई म्हणाल्या. "पण खरं सांगा, गेल्या वर्षभरात घरच्या कुणाचे पैसे परत केलेत?"

त्याची मान ताठ झाली. "बँकांना छदाम दिला नाही. पण ताईचे सगळे फेडले, गाडी विकून. भावजींचं ऑपरेशन अडलं होतं. तिचे बुडवून तोंड कुठे दाखवणार?"

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तेच नडणार. बुडणाऱ्याने घरच्यांचे पैसे आधी फेडायचे नाहीत, असा कायदा आहे. कोर्ट ते ताईंकडून वसूल करणार आणि सगळ्या बँकांना वाटून देणार."

"अहो, पण ते ऑपरेशनला गेले!"

"कोर्टाला त्याचं काय?"

दादाचं कर्ज खरंच माफ झालं. कोर्टात भरायला ताईने मात्र कर्ज काढलं, मग त्याचे हप्ते भरायला कार्डं घेतली.

पुढच्या वर्षी वकीलबाईंसमोर त्याच खुर्चीत ताई बसली होती. दादा बाहेर बाकड्यावर, खाली मान घालून.

"गेल्या वर्षभरात घरच्या कुणाचे पैसे परत केलेत?" बाईंनी विचारलं.



"नाही हो," ताई म्हणाली. "आमच्या घरात ती चूक आता कुणी करत नाही."