गेटवरची झडती

आमच्या युनियनचे अण्णा गेले. शोकसभेत सगळ्यांच्या आधी पॅकिंगवाली उठली.

"गेटवर रोज आम्हा बायकांच्या पिशव्या उपसायचे. अण्णा शांतपणे म्हणाले, 'आधी मॅनेजरसाहेबांची बॅग उघडा.' त्या दिवसापासून झडती बंद! माझा अपमान बघवला नाही त्यांना."

बायकांनी डोळे पुसले. माझा मात्र नुसता जळफळाट झाला. हिचा कसला अपमान? त्या दिवशी रांगेत पुढचा नंबर माझा होता. पिशवीत कँटीनच्या ताटांत उरलेले पावाचे तुकडे होते, घरच्या पोरांसाठी. ते गोळा करताना मला फक्त अण्णांनी पाहिलं होतं.

खरं काय ते सांगायला मी तावातावाने उठले, आणि तशीच खाली बसले. अण्णांनी वीस वर्षं झाकून ठेवलेली पिशवी मी चारचौघांत कशी उघडू?