खापरीवरचं नाव

नकाशा काखोटीला मारून सर धापा टाकत वर आले, तोवर खापऱ्या वाटून झाल्या होत्या. फळ्यावर काहीतरी लिहिलेलं दिसलं, पण वाचायच्या आत एका मुलाने घाईघाईने नकाशा त्यावरच टांगला.

तिसऱ्या वर्षाची मुलगी आपला शोधनिबंध पुढे मांडू लागली. प्राचीन अथेन्समध्ये लोक मडक्याच्या तुकड्यावर नाव कोरून मत देत. ज्याच्या नावाच्या खापऱ्या सगळ्यांत जास्त, त्याने दहा दिवसांत शहर सोडायचं आणि दहा वर्षं परतायचं नाही. आता तेच मतदान वर्गात करायचं होतं. माळीकाकांनी फुटक्या कुंड्यांचे तुकडे टोपलीभर आणले होते. वर्गात खसखस पिकली होती. सर आत आल्यावर ती जरा वाढलीच.

सर एक खापरी आणि कोरायला एक खिळा घेऊन मागच्या बाकावर टेकले. छत्तीस वर्षं ते ग्रीक आणि रोमन संस्कृती शिकवत होते. एक गोष्ट सांगताना दुसरीत शिरायचे, दुसरीतून तिसरीत, आणि पहिली तशीच राहायची. म्हणून मुलं पाठीमागे त्यांना ‘तळटीप’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना ठाऊक आहे, हे मुलांना ठाऊक नव्हतं.

महिनाअखेरीस ते निवृत्त व्हायचे होते. आणखी दोन वर्षं थांबा, म्हणून प्राचार्यांनी मुदतवाढीचा अर्ज हातात दिला होता. चार दिवस तो खिशातच होता. सही करायला आजची दुपार उरली होती. थांबायचं तर त्यांच्या मनात फार होतं. पण मुलांना आपला कंटाळा आला असेल तर? आणि हे विचारायचं कुणाला?

माळीकाका शेजारी येऊन बसले. चष्मा घरी राहिलाय, माझं तेवढं लिहून द्या, म्हणाले.

“कुणाचं नाव लिहू?”

“तळटीप लिहा.”

सरांचा खिळा हवेतच राहिला. “काका, काही चुकलं का माझं?”

“लिहा हो. सगळ्यांचं तेच ठरलंय.”

अथेन्सच्या एका सचोटीच्या पुढाऱ्याकडून कुणीतरी असंच त्या पुढाऱ्याचंच नाव लिहून घेतलं होतं. ती कथा सर दर वर्षी रंगवून सांगत. सांगायला ती सोपी होती. त्यांनी निमूटपणे काकांच्या खापरीवर नाव कोरलं. मग आपल्या खापरीवरही तेच कोरलं. सगळ्यांचं ठरलंच आहे, तर आपलं एकट्याचं वेगळं मत कशाला?

मोजणी झाली. मुलगी एकेक खापरी उचलून वाचत गेली. एकोणीस खापऱ्या, एकोणीसही तळटीप. वर्गाने बाकं बडवली.

सर उठून पुढे गेले. मांडणी उत्तम झाली, पुरावाही भक्कम आहे, असं त्यांनी सांगितलं. ते खरंच होतं. मग खिशातून अर्ज काढला.

“अथेन्सवाले दहा दिवस देत,” ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले. “मला तर महिनाअखेरपर्यंत वेळ आहे.” आणि त्यांनी अर्ज फाडायला घेतला.

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग नकाशाकडे, आणि कपाळावर हात मारला. धावत जाऊन तिने नकाशा ओढून काढला. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘आजचा नियम उलटा. ज्याला जाऊ द्यायचं नाही, त्याचं नाव लिहा.’

सरांनी ते दोनदा वाचलं. अर्ज बोटभर फाटला होता.

मुलीने तो त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला. “हे आम्ही चिकटवतो, सर. पण दोन खापऱ्यांवर अक्षर तुमचं आहे. आता इथं सहीही येऊ द्या.”