दवाखान्याचा चढ

चाकाच्या खुर्चीसाठी बांधलेल्या चढावर ताई निम्म्यातच थांबली.

"काय झालं?" खुर्चीतल्या धाकट्याने मान वळवली.

"काही नाही. चाक अडकलं." तिने कपाळ पुसलं. "तू आधी वजन कमी कर. कधीची कानीकपाळी ओरडतेय, तपासून घे. तर म्हणे, मला काय धाड भरलीय!"

"आज आलो ना?"

आला होता खरा. लहानपणी पाय गेले तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं की तो तोंड फिरवायचा. घड्याळं दुरुस्त करण्यात दिवस घालवायचा. परवा मात्र स्वतःच म्हणाला, "छातीचं एकदा दाखवून घेऊ." ताई लगेच तयार झाली.

त्यांचे बाबा असंच दुखणं अंगावर काढता काढता गेले होते. आज डॉक्टरांच्या कानावर सगळं घातल्याशिवाय परतायचं नाही, हे धाकट्याने पक्कं केलं होतं.

पण त्याला विचारतंय कोण?

"यांचं वजन किती?" नर्सने ताईला विचारलं.

"काट्यावर खुर्ची मावत नाही, अंदाजे लिहा," धाकटा म्हणाला. "पाय चालत नाहीत, तोंड चालतं. मलाच विचारा की."

नर्स गोड हसली. "यांना साखर आहे का हो?" तिने पुन्हा ताईलाच विचारलं.

धाकट्याने दात आवळले.

आत डॉक्टरांनीही ताईकडेच पाहिलं. "काय त्रास होतो यांना?"

"काय सांगू! व्यायाम करायचा नाही, पालेभाजी बघून नाक मुरडायचं..."

"डॉक्टर, इकडे!" धाकट्याने टेबलावर थाप मारली. "मी इथे बसलोय. ऐका. डावा खांदा दुखतो. रोज तेल चोळावं लागतं. आडवं झालं की गुदमरतं, म्हणून पाठीशी उशा रचून झोपावं लागतं."

"काहीतरीच काय सांगतोस!" ताईचा आवाज चढला. "डॉक्टर, लक्ष देऊ नका. उगाच बाऊ करायची सवय आहे याला."

"तू गप्प बस गं जरा. घरीही मला बोलू देत नाहीस."

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी रक्तदाबाचा पट्टा उचलला. "दम लागतो?"

"खूप. मघाशी बाहेर लागला तसा."

"चल, निघू या आपण," ताई उठून उभीच राहिली. "मुलं शाळेत खोळंबली असतील माझी."

"थांबा हो बाई, हे साधं नाही." डॉक्टर धाकट्याचा दंड धरून पट्टा गुंडाळू लागले. "नेमका कधी लागतो दम?"

"चढावर," धाकटा म्हणाला आणि त्याने दंड सोडवून घेतला. "माझी खुर्ची ढकलताना."