मागचा शॉकअप

पळसदरीच्या वळणावर हरेश कलला की त्याची मोटारसायकल मागून दबायची आणि जरा उशिराच कलायची. दहिवलीच्या धाकलू मेकॅनिकने शॉकअप बदलले, या खेपेला स्प्रिंगही कडक घातली.

“बस बरं.”

हरेश बसला. गाडी पार खाली गेली.

“मागं कुणाला बसवतोस का रं?”

“नाय दादा. खोपोलीला कामाला एकटाच जातो मी.”

“उतर.”

हरेश उतरला आणि गॅरेजात बाकासारख्या टाकलेल्या जुन्या जीपच्या सीटवर जाऊन टेकला. गाडी मात्र वर आली नाही. धाकलूने मागून हात घालून उचलून पाहिली, तरी हलेना.

भर दुपार होती. चहा नुकताच आला होता. धाकलूला थट्टेची भारी खोड. गाडीच्या रिकाम्या सीटपुढे हात जोडून तो म्हणाला, “उतरा पाव्हणं, चहा घ्या.”

दबलेली स्प्रिंग सावकाश सुटत वर आली.

धाकलूचं हसू तोंडातच राहिलं. हरेश उठणार, तेवढ्यात त्याच्या शेजारची गादी करकरली, हळूहळू दबत गेली, आणि तो आपसूक त्या बाजूला कलला.