ऑइलचे हात

ज्या गॅरेजात मकसूद कामाला होता ते बंद पडलं, हे त्यानं घरी सांगितलंच नाही. तो रोज डबा घेऊन निघायचा, मांजरसुंब्याला ढाब्याढाब्यावर काम मागत फिरायचा आणि परतताना एखाद्या ट्रकखाली सांडलेलं काळं ऑइल हातांना फासायचा. घरी बायको जाहेदा मोरीवर पाणी ओतायची आणि तो निरमा चोळून हात धुवायचा.

आज ऑइल लावायचं राहून गेलं. दारात आल्यावर ते ध्यानात आलं, तसे त्यानं हात खिशात घातले.

जाहेदानं ते धरून बाहेर काढले. स्वच्छ तळव्यांवर निरमा टाकला आणि आत अभ्यासाला बसलेल्या लेकीला ऐकू जाईल असं म्हणाली,

"लई काळे झालेत. आज काम जास्त होतं वाटतं."